बिननावाचं

आमच्या गाईचं वासरू कानात पिवळा बिल्ला घेऊनच जन्मलं. कुणी ठोकलेला नव्हता. माझा भाऊ श्रीपती तो उपटायला गेला, तर बिल्ल्यातून रक्त आलं.

"आक्का, मुळं आहेत ह्याला."

"मग राहू दे. कंपनीची गाय आणताना नाचत होतास ना?"

रीतीप्रमाणे पहिल्या चिकाचा खरवस गल्लीभर वाटला. वहिनीचे दिवस भरले होते. तिनं दोनदा मागून खाल्ला. मी शिवले नाही, मला दूध पचत नाही. संध्याकाळपर्यंत ज्यानं ज्यानं खाल्लं त्याच्या त्याच्या कानात बिल्ला फुटला. शेजारची हौसाबाई आरशात बघून म्हणाली, "बरा दिसतो की. नवऱ्यानं तर कधी कानात काही घातलं नाही."

पहाटे वहिनीला मुलगी झाली. मी तिला कुंची घातली, कान झाकून गाठ घट्ट मारली.

उजाडताच कंपनीचा डॉक्टर टेम्पो घेऊन आला. त्याचे बूट असे होते की शेणही त्यांना चिकटत नव्हतं.

"वासराला नाव ठेवलंय?"

"कालच तर जन्मलं," मी म्हणाले.

"मग आमचं. बिननावाचं सगळं आमचं. चीक कुणी खाल्ला?"

"गल्लीनं."

तो हौसाबाईकडे वळला. "नाव काय गं तुझं, म्हातारे?"

हौसाबाईनं बिल्ल्यावरचा आकडा सांगितला आणि फळीवरून टेम्पोत चढली. तिच्यामागून गल्ली चढली. कुणी ढकललं नाही.

"साहेब, माणसं आहेत ती," श्रीपती म्हणाला.

"होती. तुझं नाव?"

"श्रीपती."

"पुन्हा सांग."

दुसऱ्यांदा त्याला आठवलं नाही. तो चढला.

"घरात कोण आहे?"

"मुडदा आहे तुझा," मी म्हणाले. तेवढ्यात आत मुलगी रडली.

बारसं लांब होतं. पण कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या मी. आत शिरून मी कडी लावली.

"वन्सं, काहीही ठेवा, पण आधी ठेवा!" वहिनी ओरडली.

नाव मी कधीच ठरवलं होतं. कुंचीची गाठ सोडली, मुलीच्या कानाशी तोंड नेलं.

"कुर्र..."

बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला. मुलीचा कान माझ्या ओठांपासून वळला आणि दाराकडे टवकारला.