पट्ट्यावरचा अंधार

ताईचा उजवा हात कोपरापर्यंत गेला, त्याच्या नवव्या दिवशी खडीच्या कारखान्याचे मॅनेजरसाहेब फळांची पिशवी घेऊन दवाखान्यात आले. पिशवीसोबत कागद होता. गावाच्या नियमामुळे रात्री दहानंतर कारखान्याचे दिवे बंद ठेवावे लागतात, त्या अंधारात दगड वाहून नेणारा फिरता पट्टा दिसला नाही, म्हणून अपघात झाला, असं त्यावर लिहिलेलं. खाली ताईच्या सहीसाठी जागा.

तिचा धाकटा भाऊ उशाशी उभा होता. तो त्याच कारखान्यात वायरमन. नियम होता तो उघड्यावरच्या दिव्यांचा; त्या रात्री छपराखाली पट्ट्यावरच्या तिन्ही ट्यूब चालू होत्या. त्यानेच लावल्या होत्या. तुटली होती ती दोरी. पट्ट्याच्या कडेने एक दोरी असते, ओढली की पट्टा जागच्या जागी थांबतो. ताईने ती ओढली, तर ती नुसतीच हातात आली.

"दोरीची देखभाल कुणाकडे?" साहेब संत्रं सोलत म्हणाले. "तुमच्या भावाकडे. चौकशी लागली तर बिचारा आत जाईल. तुम्हीच ठरवा, ताई. अंधाराला काही कुणी तुरुंगात घालत नाही."

हा अंधार ताईनेच गावात राखला होता. अकरा वर्षं ती दारोदार फिरली. दिव्यांना पत्र्याच्या टोप्या घाला, उजेड खाली पाडा, दहानंतर रस्त्यावरचे दिवे मालवा. लोक तिला काळोखीबाई म्हणायचे.

"काळोखीबाई आल्या गं, चूल विझव," बायका तोंडावर म्हणायच्या.

"चूल राहू दे, आधी नवऱ्याची विडी विझव," ती म्हणायची.

हळूहळू त्याच बायका पोरांना घेऊन गच्चीवर बसू लागल्या. आकाशगंगा पुस्तकातच नसते, रोज आपल्या डोक्यावरून जाते, हे त्यांना तिने बोट धरून दाखवलं. शेवटी गावसभेत नियम झाला. कारखाना आला तेव्हा मालकाच्याही गळी तो तिनेच उतरवला. पोट कुणाला चुकलंय, म्हणून दोन वर्षांपूर्वी तीही तिथेच पट्ट्यावर दगड निवडायला लागली. मालकाच्या डोळ्यांत तो नियम पहिल्या दिवसापासून सलत होता. चार उंच खांबांवर दिवे चढवले की आवारात रात्रभर खडी फोडता येते. त्याला हवं होतं एक निमित्त. बाईचा हात गेला आणि ते त्याला फुकटात मिळालं.

ताईने डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. भावाने तिच्यासाठी कागद सरळ धरला.

खरं म्हणजे त्याच्याकडे चिठ्ठी होती. दोरी अपघाताच्या बरीच आधी तुटली होती आणि दुसऱ्याच दिवशी त्याने नवी मागितली होती. त्या मागणीवर साहेबांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'पुढच्या महिन्यात बघू', आणि खाली सही ठोकली होती. ही चिठ्ठी चारचौघांत बाहेर आली असती तर तोही सुटला असता आणि अंधारही. नोकरी मात्र त्याच दिवशी गेली असती.

ताई घरी आल्यानंतरच्या रविवारी सकाळी त्या नियमावर शाळेच्या खोलीत सभा भरली. चिठ्ठी भावाच्या वरच्या खिशात होती. आज काढायचीच, असं तो घरून ठरवून आला होता. साहेब येऊन त्याला खेटून बसले.

"खांबांचं काम तुलाच," ते हळूच म्हणाले. "शिवाय पुढच्या महिन्यापासून तू कायम."

गावप्रमुखाने ताईला विचारलं, "सांगा, काय झालं त्या रात्री?"

ताई उभी राहिली. तिने भावाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"अंधार होता," ती म्हणाली. "मला दिसलं नाही."

"आता बसा म्हणावं तारे मोजत," मागून कुणीतरी बोललं. दोघंतिघं हसली. मग नियम रद्द करायला हात वर झाले. गच्चीवर पोरांना घेऊन बसणाऱ्या बायकांचेही झाले. पाच मिनिटांत अकरा वर्षं निकालात निघाली. भावाने खिशातली चिठ्ठी काढली नाही. त्याचाही हात वर होता.

दुपारी ताई डाव्या हाताने कशीबशी जेवत होती. त्याला ते बघवेना. त्याने चिठ्ठी तिच्या ताटाशी ठेवली.

तिने ती दोनदा वाचली.

"कधीपासून आहे ही?"

"आधीपासून."

"दवाखान्यात होती?"

"घरी होती. पिशवीत."

"आणि आज?"

"खिशात."

तिने हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाली, "मला वाटलं, तुला वाचवतेय."

"ताई, अजून जातो. तालुक्याच्या कचेरीत देतो. अजून वेळ गेली नाही."

"नेऊन दे आणि सांग, बहीण खोटं बोलली. माझी सही आहे, सगळ्या गावाने ऐकलंय. आता तुझा कागद खरा ठरला तर मी खोटी ठरते. एवढं तुलाही कळतंय, म्हणून तर आज दाखवतोयस."

त्याने पाण्याचा तांब्या तिच्या डाव्या हाताशी ठेवला.

ताईने चिठ्ठी त्याच्याकडे सरकवली आणि उरलेला भात ताटातच गोळा केला.

"लवकर झोप आज," ती म्हणाली. "उद्या खांब उभे करायचेत ना तुला."