अक्का बिट्रु

पुरुषोत्तमरावांनी कपाटाचा खण पुरता बाहेर ओढला आणि पलंगावर उपडा केला. जुनी पत्रं, परवान्याचं पुस्तक, तेलाची बाटली, पिवळं फडकं. वडिलांचं रिव्हॉल्वर नव्हतं.

"अहो, दुसरीकडे ठेवलं असेल," हेमलता दारातूनच म्हणाली.

"बारा वर्षं एकाच जागी ठेवतोय मी."

ब्याण्णवचा सप्टेंबर होता. कारखान्यात त्यांची चौकशी चालू होती आणि पाच महिने ते घरी बसून होते. रोज संध्याकाळी रिव्हॉल्वर काढून पुसायचे, हातात धरून बसायचे, परत ठेवायचे. घरात तिसरा माणूस यायचा तो मल्लाप्पा, बागेचं आणि वरकामाचं बघायला.

त्याला हाक मारली. तो मातीच्या हातांनीच आला. अठ्ठावीस वर्षं बंगळूरात काढूनही पुरुषोत्तमरावांचं कन्नड 'बा, होगु, स्वल्प नीरु', म्हणजे ये, जा, थोडं पाणी, याच्या पुढे गेलं नव्हतं. मल्लाप्पाशी सगळं हेमलताच बोलायची; तो तिला अक्का म्हणायचा.

"रिव्हॉल्वर यल्लि? कुठंय?"

त्यांनी त्याची कॉलर धरली. तेव्हा तो एकदाच म्हणाला, "अक्का बिट्रु, सार."

बिट्रु म्हणजे सोडलं. बसमध्ये लोक 'बिडि, बिडि' करत वाट मागतात, त्यामुळे एवढं त्यांना येत होतं.

"अक्कांनी कपाट उघडं सोडलं म्हणतोय! उघडं दिसलं की हात घालायचा, आणि वर दोष हिच्यावर?"

हेमलताने मल्लाप्पाकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. ती काही बोलली नाही. मग तोही बोलला नाही. चौकीवर नऊ दिवस ठेवला, मारला, तरी नाही.

पुरावा नव्हता म्हणून सोडून दिला. पण आसपास कुणी त्याला काम देईना. बायकोला, कावेरीला, घेऊन तो के. आर. पुरमला गेला, तिथे रेल्वेच्या मालधक्क्यावर ओझी उचलतो, असं पुढे कानावर आलं. चौकशीतून पुरुषोत्तमराव सुटले, यथावकाश निवृत्त झाले. अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत हेमलता गेली. तेराव्याला मल्लाप्पा फाटकापाशी येऊन उभा राहिला होता. त्यांनी त्याला आत ये म्हटलं नाही.

मे महिन्यात हेब्बाळच्या तळ्याचा गाळ उपसायला घेतला, आणि चौकीवरून फोन आला.

फौजदार गुरुप्रसाद मूळचा निपाणीचा. मराठी ऐकून तो खुलला.

"तिसरं हत्यार हे, सर. एक गावठी कट्टा निघाला, एक बंदुकीची नुसती नळी. नको झालं की टाक तळ्यात, असं चाललंय लोकांचं. पण तुमचं बघा कसं, डब्यात घालून, वर तार आवळून! नंबर तुमच्या तक्रारीशी जुळला."

स्टीलचा डबा टेबलावर होता. आत प्लास्टिकच्या पिशवीत गंजलेलं रिव्हॉल्वर, एक सुपारी, एक हळकुंड, आणि काळ्या पडलेल्या चिंधीत बांधलेले तांदूळ. डब्यावर कोरलेली अक्षरं अजून वाचता येत होती. सौ. हेमलता, १९६६.

"डबापण तुमच्याच घरातला नेला की चोरानं," गुरुप्रसाद हसला. "आणि सुपारी काय, हळकुंड काय! गणपती बिट्ट हागे बिट्टिद्दाने."

"काय म्हणालात?"

"गणपती सोडल्यासारखं सोडलंय म्हटलं. तुम्ही विसर्जन म्हणता बघा, त्याला इथं बिडोदु म्हणतात. तळ्यात सोडायचं."

पुरुषोत्तमरावांनी डबा जवळ ओढला. दर खंडेनवमीला हेमलता त्या रिव्हॉल्वरला हळदकुंकू वाहायची. पूजेत आलेली वस्तू तिने कधी कचऱ्यात टाकली नव्हती. झिजलेला टाक असो की फुटका शंख, सुपारी आणि अक्षता देऊन ती पाण्यातच सोडायची. तळं घरापासून अर्ध्या तासावर. डबा मल्लाप्पाने उचलून नेला असणार.

त्यांनी झाकण लावून पाहिलं. बसेना.

"जबाब देऊन टाका, सर. संशयित जुनाच, मल्लाप्पा. मिटवू फाइल."

"तो नव्हे. माझ्या बायकोनं सोडलं ते."

गुरुप्रसादने पेन खाली ठेवलं. "बाईंना आणाल का मग इथं?"

"जानेवारीत गेली."

"मग कशाला, सर? गेलेल्या माणसाचं नाव पोलिसांच्या कागदात. आणि का सोडलं, तेपण लिहावं लागेल."

"नवरा जिवाचं काही करून घेईल म्हणून. असं लिहा."

गुरुप्रसादने पेन पुन्हा उचललं. "घेतलं असतं?"

"तेव्हा विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो."

जबाब लिहून झाला. पुरुषोत्तमरावांनी तो दोनदा वाचला, 'मल्लाप्पाने चोरी केलेली नाही' हे वाक्य वेगळ्या ओळीवर घ्यायला लावलं, आणि सही केली.

मल्लाप्पाची कॉलर त्यांनी धरली तेव्हा हेमलता समोर उभी होती आणि गप्प राहिली. त्यांना वाचवायचं म्हणून, हे खरं. तरी गप्प राहिली. हे बोलायला घरात आता कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंपणापलीकडच्या प्रतिमाला विचारलं, "माझं चुकलं, याला कन्नडात काय म्हणतात गं?"

"तप्पायितु. कुणाला म्हणायचंय, अण्णा? लहान माणूस असेल तर नुसतं तप्पायितप्पा म्हटलं तरी सरी, चालतं."

"वयानं लहान आहे. पण मोठ्याला म्हणतात तसंच सांग."

"तप्पायितु, क्षमिसि."

स्वयंपाकघरात भाताला पाणी ठेवताना ते तेवढं म्हणून बघतात. 'क्षमिसि' नीट येतं. 'तप्पायितु' पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागतं.

जबाब देऊन तेवीस दिवस झाले. के. आर. पुरमला जाणं अजून झालेलं नाही. जबाबात काय लिहिलं, हे मल्लाप्पाला अजून कुणी सांगितलेलं नाही.