गुडघ्याला पाचर नको

मिस्त्रींना ऑपरेशनं बघायचं वेड कसं लागलं, याबद्दल गल्लीत दोन मतं होती. एक असं की, कपाटाची बिजागरी कशी बसवावी याचा व्हिडिओ बघता बघता त्यांचं बोट घसरलं आणि समोर कुणाच्या तरी खुब्याची बिजागरी बसवणं सुरू झालं. दुसरं मत मिस्त्रीणबाईंचं. त्या म्हणत, "बोट कसलं घसरतंय? डोकंच आधी घसरलेलं होतं."

काही असो, त्या दिवसापासून कारखान्यात सरसाच्या डब्याला टेकून मोबाईल उभा राहिला तो राहिलाच. इकडे रंधा चालू, तिकडे पित्ताशय चालू. मोबाईलच्या काचेवर भुसा इतका साचायचा की प्रत्येक ऑपरेशन धुळीच्या वादळात चाललंय असं वाटे. मिस्त्री मधेच फुंकर मारत आणि रोगी पुन्हा प्रकट होई. मोतीबिंदू, मुतखडा, आतड्याचा पीळ, सगळं बघून झालं. मेंदूचं ऑपरेशन बघितलं त्या आठवड्यात तर गल्लीत "डोकं दुखतंय" म्हणायची सोय उरली नव्हती. मिस्त्री लगेच कानामागची पेन्सिल काढत आणि विचारत, "नेमकं कुठं? खूण करून ठेवू का?" कोपऱ्यावरच्या वाण्याने पोटात कळ आली तरी हसतमुखाने साखर जोखायची सवय लावून घेतली होती.

पण खरा जीव जडला तो हाडांवर. गुडघा बदलायचा पहिला व्हिडिओ सुरू झाला आणि मिस्त्रींच्या हातातली पटाशी तशीच राहिली. करवत! गिरमिट! हातोडी! वर चिकटवायला सिमेंट! "अरे, हा तर आपलाच धंदा!" ते एवढ्याने ओरडले की शेजारचा इस्त्रीवाला दचकून कुणाच्या तरी लग्नाचा शर्ट जाळून बसला.

आता योग असा, की झिजलेला गुडघा घरातच होता. मिस्त्रीणबाईंचा उजवा. डॉक्टरांनी कधीचं सांगून ठेवलं होतं, बदलल्याशिवाय गत्यंतर नाही. बाई ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या. घर तळमजल्यावर, त्यामुळे घरातल्या घरात भागत होतं. अडत होतं ते एकाच ठिकाणी. त्यांची थोरली बहीण, ताई, त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायची. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि ताईंना दम लागायचा, त्या खाली यायच्या नाहीत. पूर्वी दुपारची भांडी आवरली की बाई वर जात, आणि दोघी बहिणी खिडकीत बसून अख्ख्या गल्लीची सुनावणी घेत. हल्ली ते फोनवर चाले. पण फोनवर म्हणजे कसं, समोरच्याच्या भुवया दिसत नाहीत, आणि भुवयांशिवाय चहाडीला चव नाही.

एकदा मिस्त्री फळी खांद्यावर घेऊन आले तर बाई जिन्याच्या पहिल्याच वळणावर बसलेल्या. गुडघ्यावर तळवा, मान वर. हाक मारत होत्या, "ताई, आज नाही गं जमत. उद्या येते." मिस्त्रींना प्रत्येक गोष्टीवर एक टोमणा तयार असे. त्या दिवशी मात्र त्यांनी फळी भिंतीला टेकवली आणि बाईंना हात देऊन उठवलं.

म्हणून त्यांनी ठरवलं, हिची भीती आपणच घालवायची. बाईंना खुर्चीत बसवलं, काच शर्टाला पुसली आणि व्हिडिओ लावला.

"बघ हं. ही करवत. बघ कशी सफाईने गेली! आता भोक पाडणार. आता हातोडी... ठाक! ठाक! कसला बसलाय बघ! संपलं. एवढंच असतं."

बाईंनी तोंडावर हात ठेवून सगळं बघितलं. मग शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे हे सुतारकामच झालं."

"अगदी!" मिस्त्रींची छाती फुगली.

"मग मला नको."

"अगं, पण..."

"अहो, सुतारकाम मला शिकवू नका. लग्न झाल्यापासून सुतारकामातच नांदतेय मी. स्वयंपाकघराचं दार कमरेने ढकलल्याशिवाय लागत नाही. कपाट कुणी शिंकलं की उघडतं. पलंगाला पाचर, टेबलाला पाचर, खुर्चीला पाचर. आणि विचारलं की तुमचं ठरलेलं, 'बसेल, वापरून वापरून बसेल.' उद्या त्या डॉक्टरने माझ्या गुडघ्यात पाचर ठोकली आणि म्हणाला बसेल बसेल, तर मी कुणाच्या नावाने बोंबलू?"

खोटं नव्हतं ते. गिऱ्हाईक डोक्यावर उभं असलं की मिस्त्री काटकोन तपासायचा गुण्या आणि फूटपट्टी काढत. घरच्या कामाला मात्र नजरेचं माप. "माझा डोळा हीच पट्टी," असं ते अभिमानाने सांगत. त्या पट्टीने घरात एकही चौकट काटकोनात उभी नव्हती.

पुढचे कितीतरी दिवस मिस्त्री समजावत राहिले. "अगं, डॉक्टर शिकलेले असतात."

"तुम्हीही शिकलातच की, मामंजींच्या हाताखाली."

शेवटी तिसऱ्या मजल्यावरून फोनवर निकाल आला. ताई म्हणाल्या, "अगं, दाखवून तर ये. जाऊन आलीस म्हणून काय लगेच कापणार आहेत? आधी त्यांची दारं लागतात का ते बघ, नाही लागली तर ये परत." हे बाईंना पटलं. त्यांनी नवऱ्याला एकच अट घातली. "विचारायचं ते मी विचारणार. तुम्ही तोंडाला शिकंजा लावायचा."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई समोर बसल्या होत्या. मिस्त्रीणबाई आत आल्या आणि खुर्चीकडे न जाता दाराशीच थांबल्या. दार लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. आवाज नाही, धक्का नाही. मग तपासायच्या टेबलाचा खण ओढून बघितला.

"काही हवंय का, काकू?"

"नाही हो. चालू द्या तुमचं." बाई बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. "तुमच्यात पाचर मारतात का?"

डॉक्टरीणबाई गोंधळल्या. इथे मिस्त्रींचा शिकंजा सुटला. "बाईसाहेब, तिचं मनावर घेऊ नका. मी तिला सांगितलंय. मी सगळे व्हिडिओ बघितलेत. कापलं, ठोकलं, चिकटवलं, की मोकळे!"

"एवढंच?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "मापं घेताना नाही बघितलं?"

मिस्त्री खाली बघत म्हणाले, "असतं तसं काहीतरी मधे. ते मी पुढे ढकलतो."

मिस्त्रीणबाईंनी सावकाश मान वळवली. "काय ढकलता?"

"मापं गं. फार कंटाळवाणं असतं ते."

डॉक्टरीणबाईंनी हसू आवरलं, टेबलावरचा प्लास्टिकचा गुडघा उचलला आणि मिस्त्रींकडे न बघता बाईंना सांगायला लागल्या. आधी फोटो काढून मापं घेतात. मग हाडावर एक साचा बसवतात, करवत त्या साच्यातूनच चालते, मनाला येईल तिथे नाही. आणि खरा सांधा लगेच बसवतच नाहीत. शिंपी आधी कच्चे टाके घालतो ना, तसा आधी एक कच्चा सांधा बसवायचा. पाय दुमडून बघायचा, सरळ करून बघायचा. घट्ट झाला, सैल झाला, की काढायचा आणि दुसरं माप लावायचं. सगळं जुळलं की मग सिमेंट.

"आणि नाही जुळलं तर 'वापरून वापरून बसेल' म्हणत नाही ना तुम्ही?"

"असं म्हटलं तर मला झोप लागायची नाही, काकू. पण एक आधीच सांगते. दुखेल. व्यायाम करताना सुरुवातीला मला शिव्या घालाल."

"त्याचा सराव आहे मला," बाई म्हणाल्या, आणि नवऱ्याकडे एक नजर टाकून पुढे विचारलं, "कधी येऊ?"

त्या संध्याकाळी मिस्त्रींनी गुडघ्याचा व्हिडिओ पहिल्यापासून लावला. मापं आली की बोट आपोआप पुढे जायचं. त्यांनी दुसऱ्या हाताने त्या बोटाला फटका दिला आणि सगळं बघितलं. ठोकाठोकी होती चिमूटभर, बाकी सगळी मापंच. मिस्त्रींनी मोबाईल पालथा घातला आणि उगाच एका फळीवरून हात फिरवत बसले.

ऑपरेशनच्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसलेल्या नातेवाईकांना त्यांनी आत काय चाललं असेल ते इतकं बारकाईने सांगितलं की एक जण उठून दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसला. शेजारच्या म्हाताऱ्याने बराच वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, "काय, झालं का ठोकून?"

"छे! अजून मापं चालू असतील."

आणखी बराच वेळ गेला. "अजून मापंच?"

"मापंच!" मिस्त्री कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "घेऊ दे सावकाश. हात चांगला आहे डॉक्टरीणबाईंचा."

बाईंना बाहेर आणलं तेव्हा मिस्त्री वाकून म्हणाले, "फार दुखतंय का गं?"

बाईंनी अर्धवट डोळे उघडले. "अहो, तुम्हाला काही म्हणजे काही माहीत नाही."

"कशातलं?"

"आतलं. कमरेखालीच बधिर केलं होतं. मी जागी होते."

झालं! दिवसरात्र व्हिडिओ बघणाऱ्याच्या घरात प्रत्यक्ष जाऊन आलेलं माणूस निघालं. मिस्त्री हात जोडायचे तेवढे बाकी राहिले. पण बाई सगळं एकदम सांगतील तर शपथ! "करवतीचा आवाज कसा येतो गं?" "आधी पायाखाली उशी लावा." "साचा दिसला का?" "चहा टाका, मग बघू." व्यायामाच्या वेळी त्या डॉक्टरीणबाईंपासून थेट प्लास्टिकच्या गुडघ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करत, आणि पाय आणखी जरासा दुमडला की बक्षीस म्हणून आतली एखादी गोष्ट सांगत. गोष्टी दिवसेंदिवस वाढत गेल्या. डॉक्टरीणबाईंनी म्हणे पडद्यापलीकडून विचारलं, "काकू, बसलाय का नीट?" आणि काकू म्हणाल्या, "केसभर डावीकडे घ्या." मिस्त्रींनी यातलं निम्मं खरं मानलं. कुठलं निम्मं, हे त्यांनाही ठरवता आलं नाही. पण वाण्याला त्यांनी दोन्ही निम्मी सांगितली.

मग एका दुपारी बाईंनी काठी घेतली आणि जिन्यापाशी उभ्या राहिल्या. चढताना चांगला पाय आधी, हे व्यायामवाल्याने शिकवलंच होतं. मिस्त्री मागून दोन्ही हात पसरून चालले, जिन्यावरून कपाट चढवताना धरतात तसे.

"असे भुतासारखे मागे येऊ नका. हां, तर मी सांगत होते, पडद्यामागून नर्स एकदम ओरडली, 'बाई, थांबा!'"

"मग?"

मग पहिलं वळण आलं. बाई तिथे थांबल्या नाहीत. पुढचा मजला गेला, कठडा धरत, श्वास घेत, आणखी एक गेला. वर ताई दारात येऊन उभ्याच होत्या. "आलीस गं बये!" एवढंच म्हणाल्या, आणि भुवया मात्र बरंच काही बोलून गेल्या.

बाई खिडकीशी टेकल्या. मिस्त्री दारातच घुटमळले. खाली कारखान्यात एक गिऱ्हाईक टेबलासाठी ताटकळत होतं.

"अगं, पण नर्स का ओरडली?"

"अहो, ऐकायचं असेल तर बसा. नाहीतर जा तुमच्या कामाला."

मिस्त्रींनी एकदा जिन्याकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि मुकाट्याने जमिनीवर मांडी घातली. ताई म्हणाल्या, "मी काहीच ऐकलेलं नाही, पहिल्यापासून सांग." बाईंनी पाय सरळ केला, पुन्हा दुमडला, आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. या वेळी करवत हातभर लांब होती.