वर निघून गेलेला दोर

माझा साडू मदतीला निघाला की माझं डोकं फिरतं, हे आधीच सांगून टाकतो. माणूस वाईट नाही. पण मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवायचं, बाह्या दुमडायच्या आणि "कुठं धरू, साडूबुवा?" म्हणून हसायचं, यात असं काहीतरी असतं की जणू मला एकट्याला जमणार नाही हे ठरलेलंच आहे. त्या रविवारी तलावाच्या उतारावर त्यानं घड्याळ काढलं आणि मी लगेच म्हटलं, "काही धरू नका. चहा घ्या तुम्ही. हे माझं रोजचं काम आहे."

रोजचं म्हणजे काय, तर मी पडदे लावतो. पट्ट्यांचे, गुंडाळीचे, ओढायचे, म्हणाल तसले. दोऱ्या आणि कप्प्यांत माझा जन्म गेला. त्यामुळे सासऱ्यांच्या छोट्या शिडाच्या बोटीची डोलकाठी उभी करायची म्हणजे एक मोठा पडदा लावायचा, असं मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांदेखत बोलून बसलो होतो. बायकोनं तेव्हाच माझ्याकडे बघितलं होतं. मी वाढून घेत होतो, लक्ष दिलं नाही.

सासरे चित्रकलेचे मास्तर. ही बोट त्यांनी मुलासारखी सांभाळली. सुट्टी आली की गाडीमागे ट्रेलर जोडायचा, तलावावर जायचं, आडवी ठेवलेली डोलकाठी उभी करायची, संध्याकाळी पुन्हा आडवी करून घरी आणायची. मग डोळे गेले. अगदी ठार नाही, पण समोर बघितलं की मधोमध धुकं आणि फक्त कडेकडेचं दिसतं. तुमच्याशी बोलताना ते तुमच्या कानाच्या पलीकडे बघतात. शेवटी बोट विकली. सोमवारी सकाळी गिऱ्हाईक ट्रेलरसकट घेऊन जाणार होतं. त्याआधी एकदा पाण्यावर जायचं आणि सुकाणू हातात धरायचं, एवढंच त्यांनी मागितलं. कधी कुणाकडे काही न मागणारा माणूस! मी छाती पुढे काढून म्हटलं, "बाबा, तुम्ही फक्त बसायचं. बाकी सगळं माझ्यावर सोडा."

आणि वारा काय होता म्हणून सांगू! ना जास्त, ना कमी. एकसारखा. सासरे गाडीतून उतरले, बोटीच्या मागे टाकलेल्या घडीच्या खुर्चीत बसले आणि गाल वाऱ्याकडे करून म्हणाले, "जावईबापू, आज अगदी मागितल्यासारखा मिळालाय." त्यांचा चेहरा असा खुललेला मी माझ्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

डोलकाठी बोटीवर आडवी होती, शेंडा मागे सासऱ्यांच्या डोक्यावरून बाहेर आलेला. तिचं बूड बिजागरीत बसवून खीळ घातली. दोन्ही बाजूंच्या तारा मोकळ्या केल्या. आता मी बोटीत उभं राहून काठी खांद्यानं वर ढकलायची आणि बायकोनं खाली जमिनीवरून, बोटीच्या पुढच्या टोकाकडून, दोर ओढायचा. "दोरांची टोकं बांधलीत ना सगळी?" सासऱ्यांनी विचारलं. साडू शेजारीच उभा. त्याच्यापुढे मला असलं विचारायचं म्हणजे काय! "बांधलीत हो, बाबा," मी जरा तिरसटपणेच म्हटलं.

बांधली नव्हती. शीड चढवायचा जो दोर असतो तो शेंड्यावरच्या कप्पीतून जातो. त्याचं एक टोक मी खुंटीला बांधलं होतं. दुसरं टोक, ज्याला शीड अडकवायची कडी असते, ते तसंच पडलं होतं. बांधू नंतर, असं म्हणून राहिलं. साडू बघत होता आणि मला चटकन करून दाखवायचं होतं.

काठी दिसते तेवढी हलकी नसते. अर्ध्यावर आली तेव्हा एका बाजूला झुकायला लागली. "अहो, हळू," बायको म्हणाली. "तू ओढ गं!" मी खेकसलो. खांदा सोलवटला, पण काठी उभी राहिली. मी उडी मारून पुढची तार अडकवली. शेजारी सहलीला आलेली मंडळी टाळ्या वाजवायला लागली. साडूनंही वाजवल्या, आणि खरंच मनापासून वाजवल्या. मी, मूर्ख माणूस, छातीवर हात ठेवून वाकलो.

तेवढ्यात वरून आवाज आला. सर्रर्र, खट्ट.

मी वर बघितलं. खुंटीला बांधलेल्या बाजूच्या दोराच्या वजनानं मोकळं टोक सरसरत वर गेलं होतं आणि त्याची कडी थेट शेंड्यावरच्या कप्पीत जाऊन अडकली होती. पडद्याची दोरी अशी वर पळाली तर मी स्टूल घेतो. इथं कसलं स्टूल आणणार? कडी खाली आणायची तर डोलकाठीच खाली आणायला हवी. अडकवलेली तार पुन्हा काढा, ढकललेली काठी पुन्हा झेला, आणि हे सगळं टाळ्या वाजवणाऱ्यांसमोर. साडूसमोर.

"दोर वर गेला, पुन्हा उतरवावी लागेल," एवढंच म्हणायचं होतं. कुणाचं काय बिघडणार होतं? पण माझी जीभच उचलेना. आणि उचलली तेव्हा भलतंच बोलली. मी डोळे बारीक करून तलावाकडे बघितलं आणि म्हटलं, "वारा फिरला."

"फिरला?" साडू म्हणाला. "मला तर चांगला वाटतोय."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं! हा दगा देणारा वारा आहे." मग मी सासऱ्यांकडे वळलो. त्यांना शेंड्यावरचं दिसणार नाही हे मला ठाऊक होतं, आणि त्या भरवशावरच मी बोलत होतो. आता लिहितानाही कान गरम होतायत. "बाबा, तुम्हाला घेऊन अशात जायचं म्हणजे जोखीम. थोडं थांबून बघू."

सासऱ्यांनी गाल वाऱ्याकडे केला. बायकोची ओढणी एकाच दिशेला सरळ उडत होती. मग साडूच्या कानापलीकडे बघत म्हणाले, "जावईबापू बरोबर बोलतायत. असल्या वाऱ्यात बोट काढू नये."

खोटं कशाला बोलू, मला आधी सुटल्यासारखं वाटलं. साडूनं चहा ओतला. सासऱ्यांनी कप दोन्ही हातांत धरला आणि तलावावरून येणाऱ्या दुसऱ्या बोटींच्या शिडांची फडफड ऐकत राहिले. कुठल्या बाजूला आवाज झाला की मान तिकडे वळायची. बायको माझ्याकडे पाठ करून बसली. तरी मी मख्खासारखा बसून राहिलो. मध्येच उठून आकाशाकडे बघायचो, अगदी जाणकारासारखा.

ऊन कलायला लागलं तसं मी म्हटलं, "आज काही खरं नाही. आवरू या."

आणि आवरायचं म्हणजे काय, हे तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. डोलकाठी उभी ठेवून रस्त्यानं ट्रेलर नेता येत नाही. घरी जायचं तरी ती उतरवायलाच हवी. जे टाळण्यासाठी म्हाताऱ्या माणसाची दुपार घालवली, तेच आता सगळ्यांदेखत करायचं होतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

पुढची तार काढली. बायकोनं दोर हळूहळू सैल सोडला, मी काठी खांद्यावर झेलली, आणि शेंडा मागे खाली येत गेला. सासरे न सांगता उठून मागे हात वर करून उभे राहिले होते. त्यांनी शेंडा अलगद पकडून मागच्या बेचक्यात टेकवला. मग त्यांची बोटं सरळ कप्पीवर गेली. चाचपडणं नाही, शोधणं नाही. अडकलेली कडी त्यांनी सोडवली, दोर हातातून सरकवत ट्रेलरच्या कडेनं काठीच्या बुडापर्यंत आले आणि टोक खुंटीला बांधलं.

"खट्ट वाजलं तेव्हाच कळलं मला," ते हळूच म्हणाले. दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये इतकं हळू.

"मग तेव्हाच का नाही बोललात, बाबा?"

"तुमचे साडू उभे होते ना."

धरणीनं पोटात घेतलं असतं तर मी हसत गेलो असतो. शिवी दिली असती तरी चाललं असतं. या माणसानं माझी अब्रू झाकायला स्वतःचा शेवटचा वारा सोडून दिला, आणि वर सांगितलं की जावईबापू बरोबर बोलतायत!

मी बोटीतून खाली उतरलो आणि गरजेपेक्षा फारच मोठ्यानं म्हटलं, "वारा बिरा काही फिरला नव्हता! माझ्याकडून दोर वर गेला होता. लाज वाटली म्हणून खोटं बोललो." सहलीची मंडळीही वळून बघायला लागली. बघू देत.

बायको म्हणाली, "मग एवढं म्हणायला तुम्हाला काय झालं होतं हो?" "साडूबुवा," मी म्हटलं, "पुढचा दोर धरता का?" त्यानं घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या दुमडल्या. या वेळी हसला मात्र नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

दोघांनी मिळून काठी किती सहज उभी राहिली ते सांगत नाही. ट्रेलर पाण्यात नेला, बोट सोडली, सासऱ्यांना हाताला धरून मागे बसवलं. शीड सरसर चढलं. त्यांनी सुकाणूवर हात ठेवला, दांडा जरा चोळला, आणि वाट बघू लागले.

पान हलत नव्हतं. शीड बंद खिडकीवरच्या पडद्यासारखं लोंबत होतं. दुसऱ्या बोटी केव्हाच वल्ही मारत काठाकडे निघाल्या होत्या. सासरे कधी हा गाल पुढे करायचे, कधी तो. एकदा शीड किंचित हललं, त्यांनी चटकन सुकाणू वळवलं, पण पुढे काहीच आलं नाही. साडू निमूटपणे वल्ही काढून बसला होता, पण ती पाण्यात घालायचा धीर त्याला होईना. मलाही होईना.

"मघाशी काय सुरेख वारा होता, नाही?" सासरे म्हणाले. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. वाटलं ते बोलले. हात अजून सुकाणूवरच होता.

"होता, बाबा," मी म्हटलं. "फार सुरेख होता."