आदल्या दिवशीचं तेल

‘पोट जड झालं की आधी एरंडेल पाजायचं, चौकशी मागाहून,’ असं सासूबाई सांगून गेल्या होत्या. आज त्यांच्या मुलीने, मामीच्या नणंदेने, स्वतःच्या पोरीचे गाल दाबून चमचा तिच्या तोंडाशी नेला, तेव्हा भांडी पुसणाऱ्या मामीला तोच आवाज ऐकू आला.

पोरीने ओठ घट्ट मिटले. तेल हनुवटीवरून गणवेशावर ओघळलं.

“गिळ. परवापासून पोट फुगलंय म्हणून रडतेस ना? मग गिळ.”

“उद्या वर्गात पुन्हा तसंच होईल,” पोर पुटपुटली.

मागच्या महिन्यात वर्गातच तिचे कपडे खराब झाले होते. तेव्हापासून शाळेत तिला एक घाणेरडं नाव पडलं होतं, आणि सकाळी दप्तर उचलायला ती टाळाटाळ करी.

“होऊ दे. नाहीतर दे शाळा सोडून. सोमवारपासून मशीनवर बसवते.”

हे नुसतं बोलणं नव्हतं. शिवणाच्या कारखान्यात नणंद सुपरवायझर होती. मामी तिच्याच हाताखाली कॉलर लावायची. संडासला जायचा बिल्ला नणंदेच्या टेबलावर असे. तो मागायला येणाऱ्या बाईकडे ती अशी बघे, की पुष्कळजणी दिवसभर पाणीच पीत नसत.

मामीने फडकं खाली ठेवलं.

“ताई, तेल नका देऊ. हिची पाळी जवळ आलीय. आधी पोट बांधल्यासारखं होतं, मग पाळी आली की आपसूक सुटतं. माझंही तसंच आहे. वर तुम्ही दर वेळी नेमकं आदल्या दिवशी तेल पाजता, मग काय होणार?”

“आली मोठी डॉक्टरीण! पोट दुखलं, पाळी. डोकं दुखलं, पाळी. उद्या मशीनची सुई मोडली तरी पाळीच म्हणशील.”

“मी हिला आज दवाखान्यात नेणार आहे. शब्द दिलाय तिला.”

“मला न विचारता? पोर कुणाची?”

“तुमचीच. म्हणून तर तुमच्या तोंडावर सांगतेय.”

नणंदेने चमचा ओट्यावर आपटला.

“मी नाही काढले दिवस? वेळ आली की आदल्या रात्रीपासून अन्नाला शिवत नव्हते. पोटात काही नसलं तर बाहेर काय येणार? कोरड्या तोंडाने मशीन हाणली. कुणाला पत्ता लागू दिला नाही!”

बोलून झाल्यावर तिचं तिलाच काहीतरी ऐकू आलं असावं. पोर तिच्याकडे टक लावून बघत होती.

“म्हणजे आई, तुलाही?”

नणंद बाटलीला बूच लावू लागली. ते बसेना.

“आजचा खाडा लावीन,” वर न बघता ती मामीला म्हणाली. “आणि मागच्या गल्लीने जा. चारचौघांत तमाशा नको.”

“मागच्या गल्लीत हिला मध्येच लागली तर कुठे नेऊ? मोठ्या रस्त्याने जाते. वाटेत संडासची सोय आहे.”

मामीने ओल्या फडक्याने पोरीची हनुवटी पुसली, तिच्या चपला सरळ करून पुढ्यात ठेवल्या आणि पुढच्या दाराची कडी काढली.