अठ्ठेचाळीस पौंडांचं धनुष्य

"छत्तीस," रॉन्सन म्हणाला आणि दोरी सैल सोडून त्याने काटा पुन्हा लावला. "थांबा काका, परत बघतो. आकडा तिरका बसला असेल."

आकडा तिरका नव्हता. मी गाडीत बसून सगळं बघत होते. जंगलाच्या नाक्यावर एक लोखंडी खांब आहे, त्याला त्याने मासळी तोलायचा असतो तसला ताणकाटा टांगला होता. काट्याच्या आकड्यात धनुष्याची दोरी अडकवायची, धनुष्य खाली खेचायचं आणि दोरी अठ्ठावीस इंच ताणली गेली की काटा वाचायचा. तिसऱ्यांदाही काटा छत्तिसावरच थांबला.

"सरळ लाकडी धनुष्याला नियमाने चाळीस पौंड लागतात, काका."

"मला सांगतोस?" माझा नवरा पालाकीको म्हणाला. "चाळीस म्हणजे काय ते तुझ्या बापाला कुणी शिकवलं? तो तर दोरी नाकावर मारून घ्यायचा."

रॉन्सन हसला, पण त्याची नजर काट्यावरच होती. तो आमच्याच गावचा. त्याच्या आईने आणि मी एकाच शाळेच्या स्वयंपाकघरात वीस वर्षं भात शिजवला. आता तो वनखात्यात होता, अंगात हिरवा शर्ट होता आणि सगळ्यांत जास्त अवघडल्यासारखं त्यालाच झालं होतं. गाडी थांबल्या थांबल्या त्याने विचारलं होतं, "काय मावशी, शिकारीला?" आणि मी कपाळाला हात लावला होता. निघताना तो शब्द आमच्याकडे कुणी काढत नाही. भटकायला चाललो म्हणायचं. डुकरांना ऐकू जातं.

"चुकलो, चुकलो. भटकायला," तो म्हणाला होता. "पण काका, धनुष्य जरा दाखवा. सध्या सगळ्यांचीच तपासतोय."

पालाकीकोने ते अगदी ऐटीत काढून दिलं होतं.

ही गोष्ट साखर कारखाना बंद झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची. आता त्या कारखान्याची चिमणीही राहिली नाही. पण आमच्या बेटावरच्या माऊना केआ डोंगराच्या उतारावरचं ते नाक्याचं पत्र्याचं छप्पर, तो खांब आणि धनुष्य हातात घेऊन उभा असलेला माझा नवरा मला अजून जसेच्या तसे दिसतात.

ते धनुष्य त्याने स्वतः केलेलं होतं. पाठीला बांबूची पट्टी, आत रानपेरूचं लाकूड. ज्या पेरूंखाली डुकरं चरतात त्याच झाडांचं. आमचं लग्न होऊन दहा वर्षं झाली होती तेव्हा. एक अख्खा पावसाळा तो ओसरीवर बसून ते तासत होता, आणि मी समोर बसून त्याला मदत करत होते. रंधा नाही, सुरी नाही. बाटलीची फुटकी काच घ्यायची आणि धनुष्याच्या आतल्या अंगाने हळूच ओढायची. कागदासारखी पातळ साल निघते, आणि तेवढं धनुष्य ओढायला हलकं होतं. वरच्या अंगाला दहा हात ओढले की खालच्या अंगालाही दहा, नाहीतर धनुष्य वाकडं होतं.

"जपून, हात्सु," तो म्हणायचा. "राहिलेलं लाकूड उद्या काढता येतं. काढलेलं परत लावता येत नाही."

पूर्ण झालं तेव्हा कारखान्यातल्या काट्यावर त्याने त्याचा ताण मोजला आणि तापलेल्या खिळ्याने मुठीजवळ आकडा डागला. ४८.

त्या धनुष्याने आमची तीन मुलं वाढली. शनिवारी डुक्कर आलं की रविवारी अख्ख्या आळीत वाटे जायचे. मागची तंगडी नेहमी म्हाताऱ्या सोरियानोबाईंकडे, कारण त्यांच्याकडे भटकायला जाणारं कुणी नव्हतं. बाण कुठे मारायचा, हे पालाकीको येईल त्याला सांगत बसायचा. पुढच्या पायामागे, बरगडीतून आरपार. जनावर वीस पावलांत पडलं पाहिजे. "कमजोर धनुष्य घेऊन जाणाऱ्याला चपलेने मारावं," असं तो म्हणायचा. चाळिसाचा नियम सरकारने केला असेल, पण आमच्या घरात पालाकीको तो आपणच केल्यासारखा वागायचा.

मग कारखाना बंद झाला. बत्तीस वर्षं त्याने तिथे साखळ्या दुरुस्त केल्या होत्या, उजवा खांदा त्यातच गेला होता. पुढच्या वर्षात डुकरं घेरणारी दोन्ही कुत्री मेली. बंदूक त्याने कधी धरली नाही. गुडघ्यांमुळे लांबच्या डोंगरात जाणं सुटलं. जवळचं म्हणून एकच रान उरलं, आणि तिथे फक्त धनुष्यालाच परवानगी होती.

एकदा मी अंगणात कपडे वाळत घालत होते. चादरीपलीकडे तो धनुष्य घेऊन उभा होता, केळीच्या खुंटावर नेम धरून. दोरी निम्मी आली आणि हात थरथरायला लागला. त्याने पुन्हा ओढली. पुन्हा निम्मीच. त्याने धनुष्य खाली घेतलं आणि कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघितलं. मी चादरीमागून हलले नाही.

आत आल्यावर म्हणाला, "आज वारा फार आहे."

पानसुद्धा हलत नव्हतं.

त्यानंतर जे केलं ते मीच केलं. तो दुपारचा तासभर झोपायचा. मी शिवणाच्या डब्यात एक काच लपवून ठेवली. वर दहा हात, खाली दहा हात. मग अक्रोडाच्या तेलाने पुसायचं, म्हणजे ताजं लाकूड जुन्यासारखं दिसतं. सालं चुलीत. एक दिवस काच निसटून अंगठा चिरला. त्याला सांगितलं मासा साफ करताना लागलं. अठ्ठेचाळीस म्हणजे नियमापेक्षा आठ पौंड जास्त, तेवढी तर सवड आहे, असा माझा हिशोब. पण आठ पौंड म्हणजे किती लाकूड, हे मला कोण सांगणार? काटा नव्हता. मी त्याच्या तोंडाकडे बघून तासत होते.

महिन्याभराने तो अंगणातून ओरडत आला. "हात्सु! खांदा सुटला! बघ!" आणि माझ्यासमोर दोरी गालापर्यंत ओढून दाखवली.

"मी चोळते त्या तेलाचा गुण," मी म्हटलं.

"मग ते तेल विकायला काढ. गावातले सगळे म्हातारे रांग लावतील."

त्या दिवशी तो दोन वाडगे भात जास्त जेवला. मला इतकं बरं वाटलं होतं! खोटं कशाला बोलू, त्यानंतरही मी दोनदा काच काढली.

पुढे एका शनिवारी तो रिकाम्या हाताने परत आला. बाण लागला होता, पण डुक्कर पळालं होतं. तीन दिवस तो आणि मी ते रान पालथं घालत होतो. पहिल्या दिवशी पानांवर थोडं रक्त दिसलं, नंतर तेही नाही. त्याने जेवण सोडलं. "डोळे गेले माझे," एवढंच म्हणायचा. "नेम चुकला. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं." मी त्याला हिलो शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने डोळे उत्तम आहेत.

तरी तो पुन्हा निघाला, कारण आठ दिवसांवर आमच्या नातीचा, नोहेआचा, पहिला वाढदिवस आला होता. आमच्याकडे बाळाचा पहिला वाढदिवस म्हणजे लग्नापेक्षा मोठा. दोनशे माणसं जेवतात. त्याने लेकाला शब्द दिला होता, खड्ड्यात भाजायचं डुक्कर माझ्या हातचं असेल. तिन्ही मुलांच्या वेळी होतं, नातीच्याही वेळी असेल.

आणि आता तो नाक्यावर उभा होता.

"काका, इथे तर अठ्ठेचाळीस लिहिलंय," रॉन्सन मुठीजवळ बोट ठेवून म्हणाला.

"वीस वर्षं झाली त्याला. लाकूडही म्हातारं होतं."

"मी कुठे लिहून घेत नाही. तुम्ही फक्त परत जा. आणि काका, ते नवं, टोकांना चाकं असलेलं धनुष्य घ्या ना. त्याला तीसच लागतात. ओढायलाही हलकं."

"त्यापेक्षा शिवणयंत्र घेऊन जातो."

रॉन्सन हसला नाही. जीपकडे गेला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला.

"म्हणूनच तपासणी लावलीय," तो खाली बघत म्हणाला. "मागच्या महिन्यात खालच्या ओढ्यात एक डुकरीण सापडली. सहा दिवस तशीच फिरत होती. मला गोळी घालावी लागली."

कागदात बाण होता. शेपटाला आमच्या तांबड्या कोंबड्याची पिसं. पालाकीकोने तो हातात घेतला. टोकापासून चार बोटांपर्यंत काळा झाला होता, पुढे स्वच्छ.

"कुठे होता?" त्याने विचारलं.

"पुढच्या पायामागे. अगदी जिथे पाहिजे तिथे. पण बरगडीतच अडकला होता."

मग पालाकीको म्हणाला, "माझाच आहे. लिही तू. नाव लिही."

"काका, राहू दे ना."

"लिही म्हणतो ना! आईने तुला एवढं शिकवलं ते कशाला?"

रॉन्सनने लिहिलं. लिहिताना त्याचे कान लाल झाले होते. मी गाडीत होते, काच खाली होती, दहा पावलांवर ते दोघे. दार उघडून एक वाक्य बोलायचं होतं फक्त. माझा हात दाराच्या कडीवर होता. तो तिथेच राहिला.

परतताना गाडी मी चालवत होते. धनुष्य त्याच्या मांडीवर आडवं होतं. वळणावर माझं लक्ष गेलं तेव्हा त्याचा अंगठा आतल्या अंगावरून हळूहळू फिरत होता, मुठीपासून टोकाकडे, परत मुठीकडे. एका जागी थांबला. पुन्हा मागे गेला.

"नेम चुकला नव्हता," तो म्हणाला.

"नाही."

"डोळे चांगले आहेत माझे."

"डॉक्टर म्हणालेच होते."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "भाताचे गोळे आणलेस ना? दे एक." त्याने गोळा खाल्ला, मधल्या खारवलेल्या फळाची बी खिडकीतून बाहेर टाकली, आणि घर येईपर्यंत समुद्राकडे बघत राहिला.

वाढदिवसाला डुक्कर व्याह्यांच्या भावाने आणलं. बंदुकीचं. खड्डा मात्र पालाकीकोनेच खणला, दगड त्यानेच तापवले, केळीची सोपटं त्यानेच घातली. मांस इतकं मऊ झालं होतं की हाडं हाताने निघत होती. दुसऱ्या आळीतला कुणी पान पुढे करत ओरडला, "पालाकीको, तुझ्या डुकराची चव कुणाच्या डुकराला नाही!"

"माझं नाही ते," तो म्हणाला आणि त्याला आणखी वाढलं.

धनुष्याची दोरी त्याने उतरवली, त्याला तेल लावलं आणि ओसरीवरच्या खुंटीवर ठेवून दिलं. नंतरची नऊ वर्षं तो दर शनिवारी "भटकायला जातो" म्हणून निघायचा आणि खरोखरच भटकून यायचा. कधी पेरू आणायचा, कधी काहीच नाही. एकदा वाटलं, आज सांगावं. तो ओसरीवर नोहेआचे केस विंचरत होता. मी जवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "त्या धनुष्याचं..." तो म्हणाला, "हिच्या डोक्यात किती गुंता आहे बघ. तुझी कंगवी आण."

मी कंगवी आणली.

शिवणाचा डबा मी त्या नाक्याच्या दिवसानंतर फारसा उघडला नव्हता. तो गेला त्या आठवड्यात त्याच्या शर्टाचं बटण लावायला उघडला, शवपेटीत घालायच्या शर्टाचं. तळाशी ती काच तशीच होती, मी गुंडाळली होती त्याच फडक्यात. उचलताना मी सवयीने बोटं जपली.

जपायची गरज नव्हती. तासायची कड होती तशी धारदार होती. जिथे मी अंगठा ठेवायची, ती कड कुणीतरी दगडावर घासून, गोल, अगदी गुळगुळीत करून ठेवली होती.