समुद्राकाठची विहीर

पप्पांची नोकरी मी घालवली. हे आधीच सांगून टाकते, कारण भिंगारमध्ये लोक भलतंच काहीतरी सांगत फिरतात. कुणी म्हणतं प्रभुदास दारू प्यायला, कुणी म्हणतं साहेबाशी भांडला. पप्पा चहाशिवाय काही पीत नाहीत आणि भांडण त्यांना जमत नाही. ते खातं मी आणि मम्मी सांभाळतो.

पप्पा इथे लष्कराकडच्या गोल्फच्या मैदानावर माळी होते. गोल्फमध्ये जिथे ते भोक असतं, त्याच्याभोवतीच्या गवताला ग्रीन म्हणतात. ते सतरंजीसारखं सपाट आणि बारीक लागतं. आमच्याकडे एप्रिलमध्ये माणसांना टँकरची वाट बघावी लागते, तिथे गवताला कोण विचारतो? तरी पप्पांनी तीन ग्रीन जगवल्या होत्या. गवतावरून पालथा हात फिरवायचे आणि म्हणायचे, आज हिला तहान न्हाई. हे एका कर्नलसाहेबांनी पाहिलं होतं. ते रिटायर होऊन तळकोकणातल्या एका हॉटेलचं गोल्फ सांभाळायला लागले आणि मागच्या नाताळानंतर त्यांनी पप्पांना तिकडे बोलावून घेतलं.

हॉटेलचं नाव लँटर्न बे. इंग्रजांनी बांधलेलं, यंदा शंभरावं वर्ष. मी ते फक्त मोबाईलवर पाहिलंय, पण पाठ आहे मला. सागवानी जिने, जेवणाच्या हॉलमध्ये पितळी घंटा, समुद्राकडे तोंड करून लांबच लांब व्हरांडा. पायऱ्या उतरलं की लगेच गोल्फचं मैदान आणि त्याच्यापलीकडे वाळू. पप्पा व्हिडिओ कॉल करून मोबाईल गोल फिरवायचे आणि आम्हाला चक्कर यायची. धोबीखान्याच्या मागे त्यांना दोन खोल्या मिळणार होत्या. जूनमध्ये मी आणि मम्मी तिकडे जाणार, मी दहावी तिकडच्या शाळेत करणार. मी वर्गात सगळ्यांचा निरोपसुद्धा घेऊन टाकला. माझी खिडकीजवळची जागा मोनिकाला देऊन टाकली, लेखी.

पण पप्पांना तिथे सगळ्यात भारी काय वाटलं असेल, तर विहीर. हॉटेलच्या मागे, नारळांच्या मधे. पंधरा फुटांवर पाणी. पप्पा मूळचे मिरजगावकडचे, तिथे तीनशे फूट बोअर मारून फुफाटा निघतो. ते रोज सांगायचे, हात घातला की पाणी हाय, एंजू. हॉटेलचा चहा, स्वयंपाक, सगळ्या ग्रीन, सगळं त्या विहिरीवर.

तिथे बाबलकाका नावाचे एक जुने माळी होते. त्यांचा नियम होता, पंप सकाळी दोन तास चालवायचा आणि बंद करायचा. विहीर भरली तरी दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, असंच करायचं असतं.

मे महिन्यात शंभर वर्षांची मोठी स्पर्धा होती, आणि एप्रिलच्या उन्हात ग्रीन पिवळ्या पडायला लागल्या. दोन तासांचं पाणी पुरेना. कर्नलसाहेब कुठेतरी लग्नाला गेले होते. पप्पांनी मला फोन केला.

मला का केला, तर त्याच वर्षी माझं विहिरीचं मॉडेल विज्ञान प्रदर्शनात जिल्ह्यात दुसरं आलं होतं. पेपरात फोटो आला होता. त्याआधी मी वर्गात हजेरीसुद्धा हळू द्यायचे. बक्षीस मिळाल्यावर मला कळलं की आपण मोठ्याने बोललो की लोक ऐकतात. मग मी सगळ्यावरच बोलायला लागले, रिक्षावाल्याला रस्ता, मम्मीला मसाला. पप्पांना तर त्याचा इतका अभिमान, की पाण्याचं काहीही असलं की म्हणायचे, थांबा, आमच्या तज्ज्ञांना विचारतो.

त्यांनी बाबलकाकांचा नियम सांगितला. मी हसले. मी म्हटलं, "पप्पा, कोकणातल्या लोकांना पाणी वापरायची सवयच नाही. विहीर उपसली तरच झरे मोकळे होतात ना? आपल्याकडे काय करतात? चालू ठेवा दिवसभर."

आपल्याकडे तसंच करतात. उन्हाळ्यात पंप लावून विहीर तळापर्यंत उपसायची, गाळ काढायचा, मग झरे फुटतात. माझ्या मॉडेलमध्येसुद्धा तेच होतं, निळ्या जिलेटिन कागदाचे झरे लावून. फक्त त्यात समुद्र नव्हता.

पप्पांनी पंप दिवसभर चालू ठेवला. तीन दिवस ग्रीन अशा उजळल्या की त्यांनी मला पन्नास फोटो पाठवले. पाचव्या दिवशी पात्यांची टोकं जळल्यासारखी झाली. त्यांना वाटलं, ऊन वाढलं. आमच्याकडे गवत करपलं तर एकच अर्थ असतो. त्यांनी अजून पाणी दिलं. सातव्या दिवशी व्हरांड्यातल्या एका पाहुण्याने चहाचा कप परत पाठवला. नंतर सगळ्यांनीच पाठवले. बाबलकाका विहिरीवर गेले, बादलीत बोट बुडवून जिभेला लावलं आणि बादली ओतून निघून गेले.

नंतर मी वाचलं. समुद्राकाठी गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, पातळ थरासारखं. वरचं जास्त ओढलं की खालून समुद्र वर येतो. विहीर पुन्हा गोडी व्हायला किती वर्षं लागतील ते कुणालाच सांगता येत नाही. तिथल्या काही ग्रीन साठ वर्षांपूर्वी लावलेल्या होत्या. त्या सगळ्या गेल्या. स्पर्धा रद्द झाली. कर्नलसाहेबांनी विचारलं, हे करायला तुला कुणी सांगितलं? पप्पा म्हणाले, कुणी न्हाई साहेब, माझंच डोकं.

हे त्यांनी घरी सांगितलं तेव्हा मी शेजारीच भाकरी खात होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मुद्दाम.

जूनमध्ये मी जुन्याच वर्गात गेले. मोनिका लगेच उठली, पण मी मागे जाऊन बसले. इथल्या मैदानावर पप्पांच्या जागी दुसरा माणूस होता. आता पप्पा सोलापूर रोडच्या एका मंगल कार्यालयात आहेत. तिथलं लॉन प्लास्टिकचं आहे. ते त्यावरच्या अक्षता आणि फुलं झाडतात. एकदा मी पाहिलं, त्यांनी सवयीने पालथा हात त्याच्यावरून फिरवला आणि पटकन मागे घेतला.

एक आशा उरली होती. नाशिककडे नवीन गोल्फ मैदान होतंय, त्यांना माळी हवेत, पण जुन्या साहेबाचं पत्र लागतं. पप्पांनी लाज सोडून कर्नलसाहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, चूक एकदा सगळ्यांकडून होते, पाठवतो. त्या दिवशी मम्मीने मटण केलं. महिना झाला तरी पत्र येईना, आणि मला वाटलं साहेबांचं मन अजून कलुषित असेल, खरं कळलं तर साफ होईल. मला हेही वाटलं की खरं बोलायला धाडस लागतं आणि ते माझ्यात आहे. मी पप्पांच्या मोबाईलवरून नंबर घेतला आणि शाळेतून येताना फोन लावला.

मी सगळं सांगितलं, न अडखळता. पप्पांनी विचारलं, मी सांगितलं, त्यांचा दोष नाही.

साहेबांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "बेटा, पत्र टेबलावर लिहून ठेवलंय. मला वाटत होतं, त्याने स्वतःच्या हिमतीवर निर्णय घेतला आणि चुकला. अशा माणसाची शिफारस मी करतो. पण शेजारी तीस वर्षं तिथेच काम केलेला माळी उभा असताना जो नववीतल्या मुलीला फोन करून पंप चालवतो, त्याच्या हातात दुसऱ्याचं मैदान कसं देऊ?"

त्यांनी नीट अभ्यास कर म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

मी तशीच सायकल मारत मंगल कार्यालयात गेले. दुपारचं लग्न उरकलं होतं. पप्पा लॉनवर वाकून झाडत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, साहेबांचा शब्दन् शब्द. मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी झाडू थांबवला.

"पत्र लिहून ठेवलं हुतं म्हणाले?"

"हो."

"टेबलावर?"

"हो, पप्पा."

त्यांनी मान हलवली. मग पुन्हा झाडायला लागले. प्लास्टिकच्या पात्यांत तांदूळ अडकतात, ते झाडूने निघत नाहीत, बोटांनी एकेक काढावे लागतात. मी खाली बसून काढायला लागले. त्यांनी मला थांबवलं नाही. पूर्वी ते मला काहीही विचारायचे, चटणीत मीठ किती इथपासून. त्या तासाभरात त्यांनी मला एकही गोष्ट विचारली नाही.

निघताना म्हणाले, "मम्मीला सांगू नको. ती अजून वाट बघती."

घरी आले तर मम्मी दारातच उभी होती. पोस्टमन भेटला का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, आज शनिवार, उद्या रविवार, सोमवारी बघू.